मगरिबच्या आधीचा तास

रमजान २, रविवार

क्लबात आज यंत्र आलं. दिसायला वजनकाटाच, फक्त वर काचेची पाटी आणि हातात धरायला दोन मुठी. अनवाणी उभं राहायचं, मुठी धरायच्या, अंगातून बारीकशी वीज जाते (कळतसुद्धा नाही) आणि अर्ध्या मिनिटात आकडा येतो: या देहात इतके टक्के चरबी.

हेच काम प्रशिक्षक म्हणून मी सव्वीस वर्षं चिमट्याने करते आहे. दंडामागची कातडी धरायची, मग कमरेच्या हाडावरची, मग मांडीवरची. किती मिलिमीटर भरते ते बघायचं, बेरीज करून तक्त्यात टक्के शोधायचे. कैरोतल्या वल्हवणाऱ्या पोरींच्या चार पिढ्या मला ‘कॅप्टन’ आणि माझ्या चिमट्याला ‘खेकडा’ म्हणत आल्या. यंत्राला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. ठेवतील.

यंत्र शहीराने आणलं. डॉक्टर शहीरा, निवड समितीची अध्यक्ष. आम्ही दोघी पाच वर्षं एकाच होडीत बसलो, तेव्हापासूनची मैत्री, तीस वर्षं तर नक्की झाली. तिने नियमही आणला. ईदनंतर ट्यूनिसच्या स्पर्धेला हलक्या वजनाच्या मुलींची दोघींची होडी जायची आहे. एक जागा ठरलेली आहे, दुसरी रिकामी. जिची चरबी वीस टक्क्यांच्या वर असेल ती मुलगी जाणार नाही.

रिकाम्या जागेसाठी दोघी. एक नवारा, वर्राक बेटावरच्या कोळ्याची मुलगी, अठरा वर्षांची. तेराव्या वर्षी बापाची होडी एकटीने प्रवाहाविरुद्ध नेताना मी तिला पाहिलं आणि उचलून आणलं. दुसरी लुजैन, शहीराच्या भावाची मुलगी. पोरगी गुणाची आहे, खोटं कशाला बोलू. शेवटच्या दोनशे मीटरला मात्र अंग चोरते. दोघींची जूनमध्ये बारावीची परीक्षा. देशातर्फे खेळलं की कॉलेजच्या प्रवेशाला जादा गुण मिळतात. लुजैनला ते मेडिकलसाठी हवेत. नवाराला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजसाठी, आणि ते नाही मिळाले तर तिला कुठलंच कॉलेज नाही. हे तीच सांगते, रडत वगैरे नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं.

माझ्या चिमट्याने नवारा सतरा, लुजैन एकवीस. तेव्हा मला काही चिंता नाही.

रमजान ४, मंगळवार

समितीची बैठक. यंत्राच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय की मोजण्याआधी चार तास काही खाऊ नये. आता रमजानात पोरी खातात संध्याकाळी आणि पहाटे, मग मोजायचं कधी, यावर तिघा पुरुषांनी अर्धा तास घालवला. शेवटी मीच म्हटलं, एवढं काय त्यात? मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाच्या, आधीच्या तासात मोजा. अजान व्हायला तासभर असताना सगळ्यांचीच पोटं रिकामी. याहून चांगली वेळ आख्ख्या वर्षात मिळायची नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शहीरा म्हणाली, “हे डोकं डॉक्टर व्हायला हवं होतं, रावया.” सूचनाफलकावर वेळ लागली, खाली माझं नाव. बरं वाटलं, का नाही वाटणार. एरवी यंत्र आल्यापासून मी त्या खोलीत पाहुणीच झाले होते.

पुस्तिका जाडजूड आहे, अकरा भाषांत. चष्मा घरी राहिला होता म्हणून पुढची पानं वाचली नाहीत.

रमजान ५, बुधवार

छत्री विसरले म्हणून परत क्लबात गेले. अजान होतच होती. फाटकात शहीराची गाडी, शेजारी लुजैन, डोळे लाल. दारवान अजानीला आम्हा सगळ्यांना खजूर देतो आणि शहीरा त्याचा खजूर कधी चुकवत नाही. आज थांबली नाही. मी हात केला, तोही तिला दिसला नसावा. अभ्यासावरून काही वाजलं असेल. बारावीच्या घरात दुसरं काय वाजणार.

रमजान ८, शनिवार

आज मोजलं. नवारा बावीस पूर्णांक चार.

मी पुन्हा उभी केली. बावीस पूर्णांक सहा. यंत्र आधी दोनदा कुरकुरलं, पायाचा स्पर्श नीट मिळत नाही म्हणून. नवाराच्या टाचा होडीत अनवाणी वावरून घट्ट झालेल्या. शहीराने कोरड्या फडक्याने तिचे तळवे पुसले आणि मग तो आकडा आला. नवारा दुपारी चार वाजल्यापासून वल्हवून आली होती, ओठ सुकलेले, सदऱ्यावर घामाचं मीठ उमटलेलं. तिने आकडा बघितला, मग माझ्याकडे.

लुजैनची दुपारी केमिस्ट्रीची शिकवणी असते, त्यामुळे शहीराने तिला सकाळी दहालाच आणून मोजलं. एकोणीस पूर्णांक एक.

बाकीचे गेल्यावर शहीरासमोरच मी नवाराला चिमटा लावला. सतरा. तीनदा लावला. सतरा.

शहीराने माझा हात हातात घेतला. म्हणाली, “वय होतं गं हातांचं. माझं नाही का झालं? मी आता टाके घालायला धाकट्यांना बोलावते.” किती समजुतीने बोलली.

रमजान ९, रविवार

चिमट्याचं माप तपासलं. त्याच्याबरोबर आलेला पत्र्याचा तुकडा धरला, दहा मिलिमीटरला दहाच दाखवतो. म्हणजे चिमटा बरोबर आहे. म्हणजे चुकत असेल तर मी.

प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं की सगळ्या पद्धती अंदाजाच्याच. टाकीत बुडवून वजन करा, इस्पितळातल्या मोठ्या क्ष-किरण यंत्राखाली निजवा, विजेवर उभं करा, चिमटा लावा, प्रत्येकाचा आकडा वेगळा. जिवंत माणसातली चरबी काढून कुणी तराजूत घातलेली नाही. चिमट्याची भिस्त धरणाऱ्या हातावर. धरणारी बदलली की दोनतीन टक्के इकडचे तिकडे. पण पाच टक्के?

सूचनाफलकावर जसं लिहिलं, तसंच सगळं केलं. यंत्राला ना मैत्री, ना माया. मला नवारावर माया आहे. माझा अंगठा तिच्या बाबतीत जरा जास्त दाबत असेल, असं आज पहिल्यांदा वाटलं.

रमजान ११, मंगळवार

येत्या शनिवारी शेवटची मोजणी. शहीराने नवारासाठी आहार लिहून दिला. तळलेलं नाही, गोड नाही, इफ्तारला सूप आणि मासा. सहरीला, पहाटेच्या खाण्याला, पाणी अर्धाच पेला, जास्त पाण्याने अंग फुगतं म्हणाली. डॉक्टर आहे, तिला कळतं. नवाराला मी दरडावूनच सांगितलं. ती म्हणाली, “अर्धा पेला, कॅप्टन? दिवसभरासाठी?” मी म्हटलं, जागा हवी आहे ना?

तिने मान हलवली. ही पोरगी मला कधी दुसऱ्यांदा विचारत नाही.

रमजान १५, शनिवार

चोवीस.

चार दिवस पथ्य करून दीड टक्का वाढला? शहीराने नुसता आकडा लिहून घेतला. त्यानेच मला जास्त लागलं. परवा बाजारात मी नवाराला पाहिलं होतं, कतायफच्या, तळलेल्या मिठाईच्या, दुकानातून कागदाचा मोठा पुडा घेऊन येताना. तूप कागदातून पाझरत होतं. तेव्हा मी काही मनात आणलं नाही. आज सगळं मनात आलं.

बोटघरात तिला एकटीला गाठलं. विचारलं, काय खाते आहेस?

“तुम्ही सांगितलंत तेच.”

“आणि ते कतायफ?”

“अब्बांच्या गिऱ्हाइकाकडे पोचवायचे होते. मी चाखलेसुद्धा नाहीत. रोज्याची शपथ, कॅप्टन.”

मी म्हणाले, “रोजा धरलेल्या तोंडाने खोटं बोलू नकोस.”

मला वाटलं, आता कबूल करेल. मग तिने वल्ही उचलली, पुसली, फडताळात लावली आणि गेली. पाच वर्षं हिला घडवली. पहाटे चारला उठून हिच्यासाठी नदीवर आले. आणि हिने मला समितीपुढे खाली मान घालायला लावली, ती कशापायी तर कतायफपायी. मला इतकं फसवलं गेल्यासारखं आजवर कधी वाटलं नव्हतं.

रमजान १६, रविवार

नवाराचा बाप आला होता, अम्म फतूह, म्हणजे फतूहकाका. फाटकाबाहेरच उभा. मासळीचा वास येतो म्हणून आत येत नाही. मला वाटलं, भांडायला आला. त्याला कालचं काही ठाऊकच नव्हतं. म्हणाला, “कॅप्टन, पोरगी तुमचंच ऐकते. तिला जरा पाणी प्यायला सांगा. सहरीला अर्धा पेला पिते न् दिवसभर जाळं ओढते माझ्याबरोबर. काल दुपारी होडीतच खाली बसली. आईने ऊर बडवून घेतला, तरी ऐकेना. म्हणते, कॅप्टनने सांगितलंय.”

मी म्हटलं, सांगते.

घरी येईपर्यंत त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. पण आकडा चोवीस आहे. बापाला काय माहीत असतं आपल्या मुली बाहेर काय खातात ते.

रमजान १८, मंगळवार

शहीरा घरी आली, हातात कागद. राष्ट्रीय संघटनेकडे यादी गुरुवारी जायची. पण क्लबाच्या वहीत माझ्या चिमट्याचे जुने आकडे आहेत, नवारा सतरा, लुजैन एकवीस. उद्या कुणी बोट ठेवलं तर? म्हणून मी एवढंच लिहून द्यायचं की हाताने घेतलेली मापं भरवशाची नव्हती, ती रद्द समजावीत.

मी कागद पुन्हा वाचू लागले. ती म्हणाली, “तुझी अब्रू राखतेय मी. नाहीतर लोक म्हणतील, रावयाने आपल्या लाडकीसाठी आकडे खाली ओढले.” हे खरंच होतं. लोक म्हणालेच असते.

सही केली. मग आम्ही दोघींनी मिळून इफ्तार केला. तिने मला खूप हसवलं.

रमजान २०, गुरुवार

यादी गेली. लुजैनचं नाव. नवारा बोटघराची किल्ली द्यायला आली. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे, सराव चालू ठेव. ती म्हणाली, “कुठल्या होडीसाठी?” आणि किल्ली टेबलावर ठेवली. तिच्यावर राग धरून होते, तो त्या क्षणी सापडेना.

रमजान २३, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सकाळी दहाला क्लबात कुणी नव्हतं. त्या यंत्राने पोरींची फजिती केली, बघू तरी माझी किती करतं, म्हणून मोजे काढून उभी राहिले. तेहतीस पूर्णांक दोन. हसूच आलं. ठरवलं, रोज टिपून ठेवायचं आणि ईदपर्यंत दोन टक्के उतरवायचे. संध्याकाळी नोंदी आवरून निघताना अजानीला पाऊण तास होता. सहज पुन्हा उभी राहिले.

छत्तीस पूर्णांक आठ.

पुन्हा. छत्तीस पूर्णांक नऊ.

सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. चरबी वाढली कुठून? कपाटातून पुस्तिका काढली, यावेळी चष्मा लावून. अरबी भाग शेवटी आहे. त्यात लिहिलंय: वीज शरीरातल्या पाण्यातून जाते. शरीर तहानलेलं असेल किंवा घाम गेलेला असेल, तर यंत्राला चरबी जास्त वाटते. तळवे ओल्या फडक्याने पुसावेत.

म्हणजे दिवसभर पाण्याविना, घाम गाळून, कोरड्या टाचांनी. म्हणजे माझी वेळ. माझ्या नावाने फलकावर लावलेली. चूक माझी, असं म्हणून मी शहीराला फोन लावणारच होते. आजची मापं पुसून टाकावीत म्हणून यंत्राचं बटण दाबलं, तर जुन्या नोंदी उघडल्या, तारीख आणि वेळेसकट.

लुजैन. पाच रमजान, संध्याकाळी पाच चाळीस. तेवीस पूर्णांक सहा.

लुजैन. सहा रमजान, सकाळी दहा. एकोणीस पूर्णांक तीन.

आणि त्यानंतरच्या लुजैनच्या सगळ्या नोंदी सकाळच्या.

रमजान २४, सोमवार

शहीराच्या दवाखान्यात गेले. बाहेर बायका बसल्या होत्या, तरी तिने मला लगेच आत घेतलं. मी म्हटलं, तू लुजैनला पाच तारखेला संध्याकाळी उभी केलीस, तेवीस आले, म्हणून सकाळची केलीस. ती नाकारेल असं मला वाटलं होतं. मनातून मला ते हवंही होतं.

ती म्हणाली, “हो.”

मग दार लावलं आणि खाली बसली. “मी एक आकडा खोटा लिहिला नाही, रावया. यंत्राने दाखवला तो लिहिला. वेळ तू ठरवलीस.”

“आणि अर्धा पेला पाणी?”

“तिला ते सांगितलंस तू.”

तिच्याकडे बघत होते आणि ओळखीचं काही सापडत नव्हतं. मी विचारलं, तीस वर्षांत मी तुझं काय वाकडं केलं? तिने पेन मिटून ठेवलं. म्हणाली की भावाने या मुलीसाठी सगळं विकलंय, एक गुण कमी पडला तरी मेडिकल हुकणार. मग म्हणाली, “खरं सांगू? मला वाटलं होतं, तू भांडशील. तुझा चिमटा सतरा सांगत होता. सव्वीस वर्षांचा हात तुझा. पहिल्या शनिवारी तू तीनदा मोजलंस तेव्हा मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. तू विचारलंच नाहीस. तू तिच्यावर विश्वास ठेवला असतास, तर माझं काही चाललं नसतं.”

मी उठून आले. तिला थोबाडीत मारायला हवी होती. हात उचलला गेला नाही, कारण शेवटचं वाक्य खरं होतं.

रमजान २५, मंगळवार

नावेने वर्राकला गेले. नवारा घाटावर मासे निवडत बसली होती, मोठे एका टोपलीत, बारीक दुसरीत. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. माझी वेळ, पाणी, शहीरा, नोंदी, माझी सही. म्हटलं, उद्याच संघटनेला लिहिते. लागलं तर नोकरी सोडते, पण हे दुरुस्त करते.

ती मासे निवडत राहिली. मग म्हणाली, “यंत्र चुकलं हे तुम्हाला यंत्रानेच सांगितलं ना, कॅप्टन?”

मी हो म्हटलं.

“मी सांगितलं होतं तेव्हा माझ्या तोंडाला रोजा होता.”

आवाज चढवला नाही तिने, रडली नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली. परतीची नाव सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते, तिने एकदाही वर पाहिलं नाही.

रमजान २७, गुरुवार

काल पत्र स्वतः नेऊन दिलं. सोबत यंत्राच्या नोंदी, पुस्तिकेचं पान, माझ्या वहीतले पाच वर्षांचे आकडे. मागणी एकच: इस्पितळातल्या मोठ्या यंत्रावर दोन्ही मुलींना एकाच दिवशी, एकाच वेळी मोजा. यादी बदलायला अजून आठवडा होता.

आज उत्तर आलं, तीन ओळींचं. यंत्राच्या नोंदी समितीच्या अध्यक्षांनी तपासल्या असून त्यात चूक आढळली नाही. कॅप्टन रावया यांनी स्वतःची मापं भरवशाची नसल्याचं अठरा रमजान रोजी स्वतःच लिहून दिलं आहे, सबब त्यांच्या तक्रारीचा विचार करता येत नाही. सोबत माझ्या सहीची प्रत.

शहीराने मला फसवलं. हे मी आज बहिणीला सांगितलं, दारवानाला सांगितलं, भाजीवाल्यालाही सांगितलं. सांगून हलकं वाटत नाही.

शव्वाल २, मंगळवार

ईद काल झाली. मी घरीच होते. आज सकाळी दार वाजलं. अम्म फतूह, धुतलेल्या पायघोळ गलाबियात, अत्तर लावून, हातात ताटली. ईदची कहक बिस्किटं, त्याच्या बायकोने केलेली, वर पिठीसाखर. आत येईना. मी दोनदा म्हटल्यावर उंबऱ्याच्या आत एक पाऊल ठेवलं.

म्हणाला की ट्यूनिसचं नशिबात नव्हतं, पोरगी आता त्याच्याबरोबर होडीवर येते, परीक्षा देईल, पुढचं अल्लाह बघेल. मग म्हणाला, “आमच्यासारख्यांसाठी कोण भांडतं, कॅप्टन? नवाराने सांगितलं आम्हाला. सगळे उलटले, पण कॅप्टन शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, माझी मुलगी खोटं बोलायची नाही.”

त्याचे डोळे भरले होते. त्याने ताटली पुढे केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हटलं, मुलगी गुणाची आहे तुमची.